निरोप ठेवा छान

पुण्याच्या मुख्य कार्यालयाकडून तो खोका आला त्या दिवशी आमच्या साहेबांनी त्याला हार घातला. खरंच सांगते. नारळ फोडला, उदबत्ती लावली, खोक्यातून निघालेल्या राखाडी डब्याला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं बरंचसं कुंकू डब्याच्या जाळीतून आत सांडलं. मला हसू आवरेना. माझं हसणं म्हणजे एकदा सुटलं की सुटलंच, म्हणून तोंडावर ओढणी दाबून मी मागच्या ओसरीत पळाले. परत आले तर साहेब म्हणाले, "हसून झालं? आता हा डबा तुहा. तूच चालू कर."

आमचं ऑफिस अमरावतीत, बडनेरा रोडवर. कपाशी पेरणाऱ्यांना फोनवर सल्ला द्यायचा हे आमचं काम. अकोल्याला कापूस बाजाराजवळ एका खोलीत आमची शाखा होती. मी नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीने येणारी, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, ऑफिसात सगळ्यात लहान. त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू माझ्या गळ्यात पडायची.

डब्याचं काम असं. कुणी जागेवर नसलं की चार रिंगनंतर डबा फोन उचलणार, त्याच माणसाच्या आवाजात 'मी जागेवर नाही, निरोप ठेवा' म्हणणार, मग बीप वाजणार आणि समोरचा जे बोलेल ते साठवून ठेवणार. निरोप असला की टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकणार. बाहेरगावी गेलेल्याला कुठूनही फोन लावून, आपला गुप्त आकडा दाबून निरोप ऐकता येणार, ई-मेल ऐकता येणार, हवा तर डब्यातला आपला आवाजही बदलता येणार. हे सगळं मी दोन दिवस फळ्यावर लिहून शिकवलं. गुप्त आकडा ठरवायची वेळ आली तेव्हा सगळे या टेबलावरून त्या टेबलावर ओरडून विचारत होते, "तुमी कोनता ठेवला?" मी म्हटलं, अहो, गुप्त आहे तो. साहेब म्हणाले, "आपल्या आपल्यात काय गुप्त!"

ई-मेल वाचणारा डबा इंग्रजी शाळेतला होता आणि आम्ही मराठी लिहायचो इंग्रजी अक्षरांत. अकोल्याचे आमचे सहकारी, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणायचो, ते मूर्तिजापूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत साहेबांची मेल ऐकायला बसले. डब्याने फवारणीच्या सूचना अशा काही चावून चावून सांगितल्या की भाईजानना बाकावर आडवं व्हावं लागलं. "साहब," ते नंतर म्हणाले, "तुमची मेल आयकून बाजूचा मानूस मले पानी पाजून राह्यला होता."

आणि शेतकरी! त्यांना डब्याशी बोलायचं म्हणजे माणसाशीच बोलायचं. "हॅलो. हो, मी बोलून राह्यलो. बरं हाये? ... पाऊस कसा काय तिकडं? ... अवो, बोला ना!" एक आजोबा तर बसने थेट ऑफिसात आले. म्हणाले, तुमची ती बाई फार शिष्ट आहे, काही विचारा, आपलं एकच पालुपद लावते.

ती बाई म्हणजे आमच्या बाई. पत्रव्यवहार आणि फोन दोन्ही त्यांच्याकडे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, कपाळाला मोठं कुंकू, आणि आवाज असा की मागच्या ओसरीतून बोलल्या तरी रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघे. माझ्यावर त्यांचा जीव होता. जेवणाच्या डब्यात माझ्यासाठी भाजी जास्त आणायच्या आणि मी नको म्हटलं की चिडायच्या.

बाईंच्या घरी अबोला होता, आणि हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. त्यांचे यजमान शाळामास्तर, म्हणून आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. गुरुजी निवृत्त झाले, अकोल्यात घर बांधलं, आणि बाईंना म्हणाले, तूही नोकरी सोड. बाई म्हणाल्या, दोन वर्षं राहिलीत, पुरी करते. त्यावर गुरुजी म्हणाले, "मंग त्या हापिसाशीच लगन लाव." झालं. होळीच्या दुसऱ्या दिवशी बाई बॅग घेऊन अमरावतीला आल्या आणि राजापेठेत खोली करून राहिल्या. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. पोळा तोंडावर आला तरी नाही.

"त्यायनं एकदा, फक्त एकदा, तोंड उघडून माह्याशी बोलावं," बाई म्हणायच्या. "त्याच दिवशी निंगतो की नाई पाय. पन आधी मी नाई बोलनार. हरगीज नाई." आणि गुरुजींचं म्हणाल तर सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा माणूस. बाईंनी बोलता बोलता डोळे पुसले की मला गुरुजींचा असा राग यायचा की अकोल्याला जाऊन त्यांच्या दारावर दगड मारावा.

तर डब्यात प्रत्येकाने आपला आवाज भरायचा होता. पुण्याची अट अशी की संपूर्ण नाव सांगायचं. आता आपल्याकडे बाईमाणसाचं संपूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलंच. मी फोन बाईंच्या हातात दिला, बटण दाबलं, बोला म्हटलं. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं आणि गप्प बसल्या.

"बाई, पुढे?"

"पुढं काय! पुढचं नाव मी घेतो काय कधी?"

"मग मतदान केंद्रावर काय करता?"

"तिथं बाजूची बाई सांगते."

मी म्हटलं, आता बाजूची बाई मीच, पण आवाज तुमचा पाहिजे. तीनदा प्रयत्न केला. दर वेळी त्या मधल्या नावाशी येऊन थांबत, लाजत, आणि मला हसू फुटे. शेवटी त्या चिडल्या. "दे इकडं," म्हणाल्या. पदर डोक्यावर घेतला. फोनसमोर ताठ उभ्या राहिल्या, आणि त्या रस्त्यावर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या:

"काळ्याभोर मातीत कपाशीचं रान, ...रावांचं नाव घेते, निरोप ठेवा छान."

रिकाम्या जागी गुरुजींचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. घ्यायचा हक्क बाईंचा. ऑफिसात टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, एकदम बराबर, नाव बी आलं, निरोप बी आला. मी बटण दाबून टाकलं आणि बाईंचा उखाणा डब्यात कायमचा बसला, असं मला वाटलं.

ज्या शेतकऱ्यांनी तो ऐकला त्यांचा सूरच बदलला. लोक निरोपाच्या आधी "वा बाई!" म्हणायला लागले. एका शेतकऱ्याच्या बायकोने तर आपला उखाणा घेतला, मग नवऱ्याला फोन दिला आणि मग त्याने पिठ्या ढेकणाचं औषध विचारलं. मी हे सगळं रोज सकाळी मोठ्या आवाजात लावायची, कारण बाईंनी बटणांना हात लावायचा नाही अशी शपथच घेतली होती. मी शिकवत असताना त्या खाली मान घालून मेथी निवडायच्या. आपला गुप्त आकडाही त्यांनी मलाच सांगून टाकला होता.

मग एक दिवस त्यांच्या खात्यात एक मुका निरोप आला. बीप, मग काहीच नाही, मग फोन ठेवल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. वेळ नेहमी जेवणाच्या सुट्टीची, जेव्हा आम्ही सगळे मागच्या ओसरीत डबे उघडून बसलेले असू.

आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण ती वर्षं तशी होती. सकाळचा पेपर मी एसटीत उघडायची नाही, कारण पहिल्या पानावर शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत कुठल्या गावाचं नाव असेल याची धास्ती असे. समित्या येत, गाड्यांचे ताफे येत, पॅकेज जाहीर होत, आणि आमचा फोन वाजत राही. आम्ही ऑफिसात एवढे हसायचो ते काही आम्हाला कळत नव्हतं म्हणून नाही. हसलो नसतो तर दुसऱ्या दिवशी फोन उचलायला हात उठला नसता. त्यामुळे आमचा एक कडक नियम होता. फोन करून न बोलणारा माणूस सोडायचा नाही. तो कोण आहे हे शोधायचंच, मग त्यासाठी तलाठ्यापासून शाळेपर्यंत कुणालाही विचारावं लागो.

आणि आमच्या फोनवर समोरच्याचा नंबर दिसत नव्हता. मी साहेबांना सांगितलं, त्यांचा चेहरा उतरला. मीटिंगसाठी अकोल्याहून आलेले भाईजान म्हणाले, बाईंना पुन्हा नीट ऐकवा, त्या आवाजावरून गाव ओळखतात. सगळे डब्याभोवती जमलो. मी आवाज पूर्ण मोठा केला.

बीप. मग शांतता. पण ती अगदी शांतता नव्हती. मागे कुठेतरी खट्... खट्... खट्... असं काहीतरी चाललं होतं. मग एक खाकरणं. मग फोन ठेवला.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

पुन्हा लावला. खट्... खट्... खट्.

"अजून एकदा."

बाई डब्यापाशी कान नेऊन ऐकत होत्या. मग हळूच खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा असा लाल झाला की मी पाणी आणायला धावणार होते.

"हा पंखा माह्या घरचा हाये," त्या म्हणाल्या. "बैठकीतला. नवं घर, नवा पंखा, आन् पहिल्या दिवसापासून खटखट. किती डाव सांगतलं का मिस्त्री बलवा, मिस्त्री बलवा. नाई बलवला ना अजून!"

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग एकदम आलं. गुरुजी! जेवणाच्या सुट्टीत बाई जागेवर नसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मुद्दाम तेव्हाच फोन करायचा, म्हणजे बायकोशी बोलावं लागत नाही, आणि तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं, आणि ठेवून द्यायचा. मला इतका आनंद झाला की मी बाईंच्या गळ्यातच पडले. तलाठी नको, शाळा नको, सगळं बरं आहे, एक म्हातारा रुसलाय फक्त! साहेब तर खुर्चीवरून उठून दोनदा चक्कर मारून आले. भाईजान म्हणाले, "बाई, याले बोलनं म्हनाचं का नाई?"

"नाई," बाई ठामपणे म्हणाल्या. "खाकरनं म्हंजे बोलनं नाई."

पण त्या दिवसापासून बाईंची चालच बदलली. सकाळी आल्या की विचारायच्या, "आला होता काय पंखा?" मी निरोप लावायची. पंखा आलेला असायचा. बाई ऐकायच्या आणि कामाला लागायच्या. सुट्टीत फोन वाजू लागला की ओसरीत आमचे घास थांबायचे. उचलायला कुणीच उठायचं नाही.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून मुख्य कार्यालयातल्या मॅडमचा फोन आला. त्या गोड बोलायच्या, पण गोड बोलून आपलंच करायच्या. शुक्रवारी पुण्यात निधी देणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर प्रत्येक शाखेला फोन लावून नवी व्यवस्था दाखवायची होती. "तुमच्याकडचं ते काव्य फारच गोड आहे हं," मॅडम म्हणाल्या, "पण सगळीकडे एकसारखं हवं. नाव, पद, निरोप ठेवा. बस. शुक्रवारच्या आत बदलून घ्या."

साहेब घाबरले. "पैसा थांबला तं हापिस बंद होईन. बदला बाप्पा." मला मॅडमचा असा संताप आला की मी फोनची वायर काढून ठेवणार होते. बरं, डब्यात एका वेळी एकच आवाज राही. नवा भरला की जुना पुसलाच. मी बाईंना विनवलं, "बाई, उखाणा नको तर नको, पण नुसतं नाव तरी घ्या. सरळ. एकदाच. नाहीतर गुरुजींना ऐकायला उरणार काय?"

बाईंनाही ते कळत होतं. त्यांनी फोन धरला. स्वतःचं नाव घेतलं. मग ओठ उघडले, मिटले. पुन्हा उघडले. तीस वर्षांचा संसार झालेली, अख्ख्या ऑफिसाला दम देणारी बाई, आणि नवऱ्याचं चार अक्षरी नाव तिला कोरडं घेता येईना. आधी आम्ही हसलो. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझं हसू विरून गेलं.

"नाई जमत पोरी," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. त्यायचं नाव राहू दे."

मग त्यांनी फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव सांगितलं, पद सांगितलं, निरोप ठेवा म्हणाल्या. वरणात मीठ नसावं तसा आवाज. मी बटण दाबलं. उखाणा गेला.

तो गुरुवार होता. सुट्टीत ओसरीत डबे उघडले पण कुणी जेवेना. शुक्रवारच्या तयारीसाठी पुन्हा आलेले भाईजान, साहेब, मी, आणि मधे बाई, भाकरीचा तुकडा हातात धरून. फोन वाजला. एक रिंग, दोन, तीन, चार. डब्याने उचलला. आत नव्या आवाजात तो बेचव निरोप चालू असणार, हे आम्हाला न ऐकताही कळत होतं. मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही, पण त्या क्षणी मी कुणाकुणाला हात जोडले ते सांगत नाही.

लाल दिवा लुकलुकायला लागला. आम्ही सगळे खरकट्या हातांनी आत धावलो. मी आकडा दाबला.

बीप. खट्... खट्... खट्. खाकरणं. आणि मग एक जाडाभरडा, वर्गात घुमलेला आवाज.

"हॅलो. ... काल परेंत माहं नाव होतं इथं. आज कोनं काढलं?" खट्... खट्. "काहून काढलं?" पुन्हा बराच वेळ नुसता पंखा. मग हळू आवाजात, "मी रोज आयकत होतो."

आणि फोन ठेवला.

ऑफिसात असा गलका झाला की शेजारच्या दुकानातून माणूस बघायला आला. "बोलले!" मी उड्या मारत होते. "बाई, आधी ते बोलले!" साहेबांना एवढ्यातही शंका. म्हणाले, पण ते डब्याशी बोलले, बाईंशी कुठं बोलले? मी त्यांच्या अंगावर धावूनच गेले. वाद सुरू झाला. डब्याशी बोललेलं बायकोशी बोललेलं धरायचं की नाही? भाईजान म्हणाले, "साहब, आवाज भरून ठेवला हाये, गवाह आपन सारे, आता कोनतंही कोर्ट नाई म्हनत नाई." साहेबांनी ते मानलं.

बाई या गोंधळात नव्हत्याच. त्या हात धुऊन आल्या, पदर नीट केला, पर्स उचलली.

"अडीचची अकोला गाडी भेटते काय पायतो," म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं वापस येतो."

दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "बाजारात पंख्याचा मिस्त्री कोनता बरा, भाईजानले इचारून ठेव."

शुक्रवारी सकाळी बाई आल्या नाहीत. पहिली गाडी आली, दुसरी आली. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून घड्याळाकडे बघत होते. पुण्याचे पाहुणे तासाभरात फोन लावणार होते. "एकदा तपासून घे," ते मला म्हणाले. "सगळ्यांचे नंबर लावून पाय. एकसारखे पाहिजेत." मी एकेक नंबर लावला. साहेबांचा बरोबर. भाईजानचा बरोबर. मग बाईंचा लावला. एक रिंग, दोन, तीन, चार.

खट्... खट्... खट्.

मी आवाज मोठा केला. साहेब जवळ आले. पंख्याच्या खटखटीवर बाईंचा आवाज आला, तोच, रस्त्यावर ऐकू जाणारा:

"अकोल्याच्या घरात पंख्याची खटखट, ...राव सांगतात, निरोप ठेवा पटपट."

आणि मागून गुरुजी म्हणाले, "हं. आता बराबर हाये."

मी खुर्चीतच बसले. अकोल्याहून फोन लावून, आकडा दाबून, आवाज बदलायची सगळी बटणं क्रमाने दाबून, बाईंनी हे एकटीने केलं होतं. मेथी निवडता निवडता त्यांनी माझा शब्द न् शब्द ऐकला होता. मी साहेबांकडे बघितलं. पुसायला मला एक मिनिट पुरलं असतं, आकडा मला पाठ होता, आणि पाहुण्यांचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला, तेवढ्यात बीप वाजला, आणि निरोप ठेवायची वेळ त्यांच्यावर आली.

"बाई," साहेब घसा साफ करून म्हणाले, "रजा मंजूर हाये." आणि फोन ठेवून दिला.